सकाळचा कुकारा

त्या सकाळी नळ उघडला तर नुसता फुस्स आवाज आला आणि दोन थेंब पडले. तोंडात ब्रश धरून मी थोडा वेळ नळाकडे बघत राहिलो. मग पडवीत येऊन ओरडलो, "काका, पाणी गेलंय हो!"

उत्तर आलं नाही. काकांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. अंथरुणाची घडी झालेली होती. कोपऱ्यातली काठी आणि कोयता दोन्ही जागेवर नव्हते. म्हणजे स्वारी झऱ्यावर गेली, हे मी ओळखलं.

आमचं पाणी वरच्या घळीतल्या झऱ्यावरून काळ्या पाइपातून उतारानं यायचं. पाऊण तासाची चढण होती. महिन्यातून एकदोनदा एखादा गवा त्या पाइपवर पाय द्यायचा, जोड निखळायचा आणि काका उजाडता उजाडता जाऊन तो बसवून यायचे. मला कधी उठवायचे नाहीत. "तुम्ही पाच तासांचे गडी, वैजनाथराव. पाइप तुमच्या पाच तासांत बसत नाही," असं म्हणायचे.

पाच तासांचा गडी ही माझी तिथली पदवी. आधीची पदवी पुणे विद्यापीठाची होती आणि तिचा तोवर काहीच उपयोग झाला नव्हता. ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा आपटी खाल्ली होती. जालन्याला घरी जायचं तोंड नव्हतं आणि पुण्यातल्या अभ्यासिकेत पाचव्यांदा बसायचं धैर्य नव्हतं. त्याच अभ्यासिकेच्या फळ्यावर कुणीतरी पोस्टकार्डाएवढा एक कागद लावलेला दिसला. 'कोयनेच्या फुगवट्यापलीकडे बावीस एकरांत जंगल वाढवत आहे. मदतीला माणूस हवा. रोज पाच तास काम. राहणं-जेवण मिळेल. पगार नाही. बोलघेवड्यांनी येऊ नये.'

मी बोलघेवडाच होतो. पण त्या महिन्यात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे मला ते लक्षात आलं नाही. बाबांना फोनवर सांगितलं की नवीन बॅच लागलीय, आणि निघालो.

कागद लावणारे होते दत्ताराम कुवळेकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, वय एकाहत्तर. नोकरीत असताना हा डोंगर त्यांनी मोजला होता. धरणानं माणसं उठून गेल्यावर इथली उघडीबोडकी जमीन कुणाला नको होती, ती त्यांनी घेतली आणि तिच्यावर झाडं वाढू दिली. बायको वारली होती. मुलगी अनघा बंगलोरला. ती दर पंधरवड्याला पत्र पाठवायची, त्यात 'आता पुरे, इकडे या' एवढाच मजकूर असायचा. काका ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि घडी घालून ठेवायचे.

"आमचा करार झालाय," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "पाय चालतात तोवर इथं. पाय थांबले की तिचा नववा मजला."

"आणि तुम्हाला काय वाटतं, किती वर्षं?"

"मला वाटत काहीच नाही. मी रोज चालतो."

काठावर दिवसातून एकदा लाँच यायची आणि दुपारी दोनला परत फिरायची. काठापासून आमचं घर दीड तास वर. मोबाइलला रेंज हवी तर खिंडीत जायचं, तो आणखी एक तास. मी पहिले दोन आठवडे एक दिवसाआड जायचो. धापा टाकत वर पोचायचं, फोन उंच धरायचा, दोन काड्या उमटायच्या आणि एकही मेसेज नसायचा. मग जाणं बंद केलं. खाली राहिलं की निदान आलेला असेल असं समजता येतं.

काका वाईट नव्हते. जेवायला नीट घालायचे, शिकवायचे. उंबर कसा लावायचा, जाळरेषा कशी काढायची. जाळरेषा म्हणजे कुंपणाच्या आतून दहा हात रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करायचा, म्हणजे बाहेरचा वणवा आत शिरत नाही. पण बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. एके दिवशी मी मोजलं. दिवसभरात वीस वाक्यं झाली आणि त्यातली सात कोकमाच्या रोपांशी होती. सहाव्या आठवड्यात मी चहाच्या भांड्याला 'बस की जरा' म्हणालो आणि माझा मीच दचकलो. इतका एकटेपणा मला पुण्यातल्या खोलीतही आला नव्हता. तिथं निदान भिंतीपलीकडे कुणीतरी खोकायचं.

तिथं एकच गंमत होती, ती सकाळची. साडेसातच्या सुमाराला घळीपलीकडच्या उतारावरून एक कुकारा यायचा. तिकडे तीन घरांची वाडी होती आणि कुकारा देणाऱ्या होत्या बायजाआक्का सपकाळ. साठीच्या, विधवा, पुतण्याजवळ राहणाऱ्या. 'कूऽऽऽ' असा लांब, वर चढत जाणारा आवाज. तो आला की काका चहाचा कप कठड्यावर ठेवायचे, अंगणाच्या टोकाला जायचे, तोंडाशी हात धरायचे आणि तसंच उत्तर द्यायचे, पण खाली उतरत जाणारं. मग येऊन उरलेला चहा प्यायचे. एवढंच.

"काय विचारतात हो त्या?" मी एकदा विचारलं.

"चहा झाला का म्हणते."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"झाला म्हणतो."

"रोज?"

"रोज होतो ना चहा."

"काका, हे प्रकरण मला साधं दिसत नाही."

त्यांचे कान चक्क लाल झाले. "जाळरेषेवर चला," म्हणाले. त्यानंतर मी त्यांना रोज थोडं छेडायचो. तेवढाच विरंगुळा होता.

नकला करणं हे माझं एकमेव कौशल्य. अभ्यासिकेत मी सगळ्या सरांचे आवाज काढायचो. परीक्षेत त्याला गुण नसतात हा भाग वेगळा. गवत कापता कापता मी काकांचा कुकारा घोटू लागलो. कुठं सुरू होतो, कुठं वळतो, कुठं उतरतो. घसा न ताणता, हळू आवाजात. दोन आठवड्यांत मला तो पक्का बसला. काकांना करून दाखवणार होतो, पण धीर झाला नाही.

तर त्या सकाळी नळ कोरडा होता आणि काका घरात नव्हते. माठातल्या पाण्यावर मी चहा टाकला. साडेसातला कुकारा आला. मी कप धरून पडवीत बसलो होतो. काका झऱ्यावरून देतील उत्तर, असं वाटलं. उत्तर गेलं नाही. पुन्हा कुकारा आला. एरवी त्या एकदाच द्यायच्या. मग तिसरा आला, जरा ओढलेला, आणि शेवटी किंचित थांबलेला.

बिचाऱ्या वाट बघतायत, एवढंच माझ्या मनात आलं. आणि खरं सांगायचं तर थोडी मिजासही होती. मी कप कठड्यावर ठेवला, अंगणाच्या टोकाला गेलो, तोंडाशी हात धरले आणि दिला. असा सुरेख गेला तो! समोरच्या डोंगराला लागून परत आला. पलीकडे सगळं शांत झालं. रोज व्हायचं तसंच.

मला फार आनंद झाला, हे सांगायला आज लाज वाटते. सहा आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. ते दुसऱ्याच्या नावानं का असेना. मी गुणगुणत भाकऱ्या थापल्या.

दहा वाजले, पाणी आलं नाही. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी लाँचवरून टपाल यायचं आणि काका ते आणायला काठावर जायचे. झऱ्यावरून परस्पर खाली उतरले असतील, असा मी हिशेब लावला. पाइप दुरुस्त केला असता तर नळाला पाणी आलं असतं, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी जेवलो. काकांचं झाकून ठेवलं. एक झोपही काढली. दोन वाजता खालून लाँचचा भोंगा ऐकू आला. साडेतीनपर्यंत वाट पाहिली, मग उठून उगीच नळ उघडला. फुस्स झालं. तेव्हा कुठं मला उमगलं, पाइप बसलाच नव्हता.

मी पळतच वर गेलो. घळीच्या तोंडाशी ओरडलो, "काका!" खालून, झऱ्याच्या आवाजातून, बारीक उत्तर आलं.

दोन मोठ्या दगडांच्या मध्ये ते बसल्यासारखे पडले होते. डावा पाय गुडघ्याखाली फटीत अडकलेला आणि वळू नये तिकडे वळलेला. पाऊल काळंनिळं झालं होतं.

"आलात?" ते म्हणाले. "पाणी द्या आधी."

झरा पाच हातांवर वाहत होता आणि तो माणूस दिवसभर तहानलेला पडला होता. मी ओंजळीनं पाणी पाजलं. निम्मं त्यांच्या शर्टावर सांडलं.

"केव्हा पडलात?"

"उजाडताना. शेवाळ होतं. इतकी वर्षं येतोय, आजच नेमका पाय दिला त्याच्यावर."

"मला हाक मारायची..."

"मारली. दिवसभर मारली. या घळीतून आवाज बाहेर जात नाही. बाहेरचा आत मात्र सगळा येतो." त्यांनी ओले ओठ बाहीनं पुसले. "बायजाबाईचा कुकारा आला. तीनदा."

मी त्यांचा पाय सोडवायच्या खटपटीत होतो, तो थांबलो.

"मला बरंच वाटलं तेव्हा. म्हटलं, आज उत्तर गेलं नाही, म्हणजे येतील आता. सात वर्षांपूर्वी मी घरात तापानं फणफणून पडलो होतो. चार दिवस. कुणाला पत्ता नाही. बायजाबाई म्हैस शोधत आली म्हणून वाचलो. तेव्हा तिनंच ठरवलं हे. तिनं रोज विचारायचं, मी उत्तर द्यायचं. नाही आलं उत्तर, तर तिनं पुतण्याला घेऊन निघायचं. आधी घर बघायचं, मग झरा. इथून अर्ध्या तासावर आहे वाडी. मी बसलो वाट बघत."

"काका..."

"आणि मग मी उत्तर दिलेलं मला ऐकू आलं."

मी त्यांच्या पायावरचा हात काढला.

"छान जमलंय तुम्हाला," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मला माहीत नव्हतं हो, काका. मला वाटलं, चहाचं..."

"कसं माहीत असणार? मी सांगितलंच नाही. लाज वाटली. रोज सकाळी एका बाईला आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं, हे तरुण माणसाला काय सांगायचं? म्हणून चहाचं सांगितलं." त्यांनी माझं मनगट धरलं. "आता एक करा. वाडीवर जा, माणसं आणा. आणि तिला हे सांगू नका. मीच कुकारा दिला, मग इकडे आलो आणि पडलो, असं सांगायचं. सात वर्षांत तिनं एक दिवस चुकवलेला नाही. आपण फसलो असं कळलं तर फार मनाला लावून घेईल ती."

मी घळ उतरलो आणि पलीकडचा चढ चढलो तो कसा, मला आठवत नाही. बायजाआक्का अंगणात शेणी थापत होत्या. मला पाहून हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या.

"आक्का, काका झऱ्यावर पडलेत. पाय मोडलाय."

"कवा?"

"सकाळी. तुम्हाला कुकारा देऊन मग गेले झऱ्यावर. तिथं पडले."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. किती वेळ बघत होत्या कोण जाणे, मला तो फार वाटला. मग मागं वळून त्या मोठ्यानं ओरडल्या, "संपत! घोंगडी घे, येळू काढ! सायेब पडल्यात!"

संपत म्हणजे त्यांचा पुतण्या. तो, आणखी दोघे आणि मी असे चौघे होतो. घोंगडीची झोळी बांबूला बांधून आम्ही काकांना खाली आणलं. आक्का पुढं कोयत्यानं करवंदीची जाळी तोडत वाट करत होत्या. काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. घरी पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. लाँच दुसऱ्या दिवशीच होती. संपत तसाच काठाकडे गेला आणि पहाटे एका मासेमाराची होडी घेऊन आला.

साताऱ्याला दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रक्तपुरवठाच बंद झालाय खाली. काल संध्याकाळपर्यंत आणलं असतं, तर कदाचित वाचवता आला असता पाय." मी मान हलवली. संध्याकाळी त्यांनी तो गुडघ्याखाली काढला.

अनघाताई दुसऱ्या दिवशी आल्या. काकांनी त्यांनाही तेच सांगितलं, कुकारा देऊन गेलो आणि पडलो. त्यांनी माझे आभार मानले. तुम्ही होतात म्हणून, म्हणाल्या. चहा आणतो म्हणून मी उठलो आणि गेटबाहेर जाऊन उभा राहिलो.

पाचव्या दिवशी काकांचे कपडे, चष्मा आणि कागद आणायला मी परत वर गेलो. अंगण झाडलेलं होतं. रोपांना पाणी घातलेलं होतं. नळालाही पाणी होतं, कुणीतरी पाइप बसवला होता. बायजाआक्का पडवीत पाय पसरून बसल्या होत्या.

"पाय?" त्यांनी विचारलं.

"काढला. गुडघ्याखाली."

"मंग आता?"

"अनघाताई बंगलोरला नेणार आहेत. तिकडेच राहतील आता."

त्यांनी मान डोलवली. मी आत जाऊन पिशवी भरू लागलो.

"पोरा," बाहेरून आवाज आला. "कुकारा तू दिला हुतास."

मी हातातला शर्ट घेऊन दारात आलो. "आक्का, ते..." मी म्हणालो.

"नको बोलू. मला तवाच कळलं हुतं. सायबांचा दम आता पुरत न्हाई. वरीस झालं. मधीच तुटतो, मंग खाकरत्यात, आन् ऱ्हायलेला देत्यात. तू पुरा दिलास. त्यांचा पयला असायचा तसा."

"तुम्ही ओळखलंत?" माझा आवाज चढला. "ओळखलंत आणि आला नाहीत? अर्ध्या तासावर होते ते, आक्का!"

"रुसले मी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं होतं आणि त्या ते बोटाला गुंडाळत, सोडत होत्या.

"मला वाटलं, सायेब हितंच बसून च्या पित्यात. तीनदा वरडाय लावलं मला. आन् मंग पोराला म्हनले असतील, तूच दे रं आज त्या म्हातारीला उत्तर. म्हनलं, आता पोरगं मिळालंय बोलाय, आता माझा कुकारा जड झाला. म्हनलं, ऱ्हाऊ दे. उंद्या मी बी देत न्हाई. दिसभर त्वांड फुगवून शेनी थापत बसले." त्यांनी पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. "या वयात, बाबा. नातवंडं असती मला तर लगनाची झाली असती."

मी त्यांच्याशेजारी बसलो. मघाचा चढलेला आवाज कुठल्या कुठं गेला होता. आम्ही दोघांनी मिळून एका माणसाचा पाय घालवला होता. मी दुसऱ्याची हाक आपली मानून, आणि त्यांनी माझं उत्तर काकांचा नकार मानून.

"तू येऊन म्हनलास, कुकारा देऊन गेलं. तवा कळलं, घरात न्हवतंच ते." त्यांनी पदर सोडला. "त्यास्नी सांगू नगंस. फसले म्हनून सांग. कान गेलं म्हातारीचं, म्हनून सांग. पर वळखून बी मी आले न्हाई, ह्ये नगं कळाय त्यास्नी."

"नाही सांगणार."

"आयच्यान?"

"आईशप्पथ, आक्का."

उठताना त्यांनी मला कोकमाच्या वाळलेल्या सालांची पुरचुंडी दिली, काकांसाठी. ती त्यांच्या कनवटीला आधीपासूनच होती. मी निघालो तेव्हा त्या पडवीतच बसून होत्या. दुपार होती, त्यामुळे कुकाऱ्याचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांनी काय केलं असेल, हे मात्र मी पुढं बरीच वर्षं मनात आणू शकलो नाही.

दोघंही आज नाहीत. काका बंगलोरला चार वर्षं होते, आक्का त्यांच्या आधी गेल्या. म्हणूनच हे लिहितोय.

साताऱ्याला परतलो तेव्हा काका उशीला टेकून बसले होते. अनघाताई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी पिशवी ठेवली, पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, मग चादरीखाली ठेवून दिली.

"भेटली का?" त्यांनी विचारलं.

"हो. रोपांना पाणी घालतायत. पाइपही बसवलाय."

"बोलली काही?"

"विचारलं त्यांनी, पाय कसा आहे."

"ते नव्हे." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कुकाऱ्याचं. काही शंका आली का तिला?"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर एक क्षण मला वाटलं, सांगून टाकावं. की हो, ओळखला त्यांनी. दम कुठं तुटतो, कुठं खाकरता, सगळं माहीत आहे त्यांना. पण मग पुढचं वाक्यही सांगावं लागलं असतं.

"नाही, काका," मी म्हणालो. "त्यांना तुमचाच वाटला."

"नक्की?"

"अगदी नक्की. काही कळलं नाही त्यांना."

"बरं झालं," काका म्हणाले. "चांगलं झालं. उगीच मनाला लावून घेतलं असतं."

मी पिशवीतले कपडे काढून कपाटात लावत होतो. पाचेक मिनिटं गेली असतील. काकांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मला वाटलं झोपले.

"सात वर्षं रोज ऐकत होती हो ती," ते म्हणाले.